मियाटानंतर कुठली? जुनी स्पोर्ट्स कार घ्यायची आहे, सल्ला हवाय

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. चार-पाच वर्षं वाचनमात्र आहे, धागा काढायची ही पहिलीच वेळ. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

मूळचा सांगलीचा, सध्या मुक्काम सॅन होजे. ऑफिसला जायला घरात कॅम्री हायब्रिड आहे. तिच्याबद्दल बोलण्यासारखं काही नाही आणि तोच तिचा गुण. शनिवार-रविवारसाठी १९९९ची मियाटा, माझदाची छोटी दोन सीटची स्पोर्ट्स कार. हिरवी, पाच गिअरची, हाताने मागे टाकायच्या टपाची. दहा वर्षांपूर्वी ४,२०० डॉलरला घेतली तेव्हा रनिंग ९६,००० मैल होतं, आज १,६१,००० आहे. नवी होती तेव्हा १४० घोडे होते म्हणे. त्यातले आज तबेल्यात किती आणि पांजरपोळात किती, देव जाणे.

लायसन्स त्याआधी पंधरा वर्षं खिशात होतं, पण गाडी चालवायला शिकलो तो हिच्यावरच. हायवे ९ने साराटोगाहून स्कायलाइनला चढायचं, तिथून ८४ने ला होंडा उतरून समुद्र गाठायचा, हा ठरलेला रविवार. कधी माउंट हॅमिल्टनवर लिक वेधशाळेपर्यंत. तो रस्ता १८७६ साली घोडागाड्यांनी सामान वर नेता यावं म्हणून बांधला, त्यामुळे चढ अगदी सौम्य पण वळणं शेकड्यांनी. तिथे मियाटा अजूनही राणी आहे. रडगाणं सुरू होतं ते हायवे १७च्या चढावर, आणि वर्षातून दोन-तीनदा लगुना सेकाच्या रेसट्रॅकवर ट्रॅक डेला (आपलीच गाडी ट्रॅकवर पळवायचा दिवस) जातो तेव्हा. सरळ पट्ट्यावर मागून येणाऱ्या प्रत्येकाला हात दाखवून वाट द्यायची, असा अर्धा दिवस जातो. एकदा तर एक आजोबा हसून हात हलवून गेले.

आता टप उन्हाने फाटलाय, क्लचप्लेट संपत आलीय, शॉक अ‍ॅब्सॉर्बर गेलेत. सगळं एकदम करायचं तर गाडीच्या किमतीएवढा खर्च. म्हणून हा विचार.

बजेट ३०,००० डॉलर, त्यातले ५,००० पहिल्या वर्षीच्या दुरुस्तीला बाजूला. गिअर हातानेच टाकायचे, ही अट सोडणार नाही. टप उघडणारी असली तर उत्तम. माझी उंची सहा फूट. बायकोची एकच अट, दोन रात्रींचं सामान राहिलं पाहिजे. आणि मे महिन्यात आई-बाबा सहा महिन्यांसाठी येतायत, त्यांनाही एकेक चक्कर मारायची आहे.

डोक्यात असलेल्या गाड्या: होंडा एस२०००, पोर्श बॉक्सस्टर किंवा केमन (९८७ या पिढीतली), कॉर्व्हेट सी६, टोयोटा जीआर८६, निसान ३७०झी. लोटस एलिस स्वप्नात येते, पण ते स्वप्नच.

आडवंतिडवं

खुर्ची टाकून बसलोय. शेंगा सोलायला घेतल्यात.

नऊहजारी

एस२०००. धागा बंद करा.

बरं, जरा सविस्तर. माझ्याकडे २००३ची आहे, अकरा वर्षं झाली, न्यू जर्सी. पहिल्या पिढीत इंजिन दोन लिटरचं, २४० घोडे, टर्बो नाही काही नाही, आणि आरपीएमचा काटा जवळजवळ ९,०००पर्यंत फिरतो. २००४पासून अमेरिकेत २.२ लिटरचं आलं, ते ८,०००च्या आसपास थांबतं पण खालून जरा जास्त ओढतं. सहा हजारांच्या खाली ही एक सज्जन होंडा आहे, भाजी आणायला न्या. सहा हजारांवर व्हॉल्व्ह जास्त उघडणारा दुसरा कॅम लागतो आणि गाडीत कुणाचा तरी संचार होतो. गिअरची दांडी मनगटाएवढी हलते, त्या खटक्यासाठी मी विनाकारण गिअर बदलत असतो.

बघताना: बॉनेट, फेंडर, दारं, डिकीचं झाकण, प्रत्येकावर कारखान्याचं गाडी-नंबराचं स्टिकर असतं. एखादं गायब असेल तर तो भाग बदललाय किंवा रंगवलाय, असं धरून चाला. दुसरा गिअर थंड असताना घासतो का ते बघा. सुरू केल्यावर इंजिनाच्या पुढच्या बाजूने खडखड येत असेल तर टायमिंग चेनचा टेन्शनर. २००६च्या आधीच्या गाड्यांना स्टॅबिलिटी कंट्रोल नाही. पावसात, वळणात, घाबरून पाय उचललात तर मागची बाजू तुम्हाला भेटायला पुढे येते.

ताम्हिणीकर

वाचतोय आणि जळतोय. पुण्यातून.

इकडे तुमच्या बजेटात, म्हणजे पंचवीस लाखांच्या वरखाली, जुनी ऑक्टाव्हिया व्हीआरएस मिळाली तर नशीब. २०१७ची २३० हॉर्सपॉवरची. २०२०ची २४५वाली तर देशभरात मिळून दोनशेच आल्या, त्यांचे मालक त्या गाड्या देवघरात ठेवतात. आणि चालवायची कुठे? ताम्हिणीत चांगली लय लागली की रंबलर, रंबलर संपला की वडापावची गाडी, ती संपली की रीलवाले. एस२००० आणली तर पहिल्याच स्पीडब्रेकरला बंपर काढून डिकीत ठेवावा लागेल.

अवांतर: तिकडून येताना अशी गाडी आणता येते का हो?

दहाचा_पाना

@ताम्हिणीकर, विसर. वापरलेली गाडी भारतात आणायची तर ती तीन वर्षांच्या आतली हवी आणि स्टिअरिंग उजवीकडे हवं. इथली डावीकडे. वर ड्यूटी बघितलीस तर स्टिअरिंग कुठे आहे हा प्रश्नच उरत नाही.

@कृष्णाकाठ, मी मिशिगनला, गाड्यांच्या सुट्या भागांच्या धंद्यात आहे. लांबलचक लिहितो, कारण पोर्शबद्दल ऐकीव माहिती फार फिरते. लोक एकतर देवपूजा करतात, नाहीतर 'आयएमएस' एवढं एकच अक्षर उच्चारून पळून जातात.

ते काय प्रकरण आहे ते आधी समजून घे. त्या आडव्या सहा सिलिंडरच्या इंजिनात क्रँकशाफ्ट थेट कॅम फिरवत नाही. मध्ये एक शाफ्ट असतो (इंटरमीडिएट शाफ्ट, तोच हा आयएमएस) आणि त्याच्या एका टोकाला बेअरिंग. हे बेअरिंग सीलबंद, आतलं ग्रीस आयुष्यभर पुरेल अशी कल्पना. प्रत्यक्षात सीलमधून तेल आत शिरतं, ग्रीस धुऊन जातं आणि आत बारीक बारीक झीज होत राहते. बेअरिंग फुटलं की कॅमचं टायमिंग जातं, व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात, इंजिन भंगारात. १९९७ ते २००८ या काळातल्या बॉक्सस्टरमध्ये ही रचना आहे. त्यातलं २००० ते २००५च्या सुमाराचं एकेरी बेअरिंग सगळ्यात बदनाम, त्यावर इथे कोर्टात खटलाही झाला. २००६ ते २००८मध्ये मोठं बेअरिंग आलं. ते क्वचितच जातं, पण बदलायचं तर इंजिनाची दोन शकलं करावी लागतात.

दुसरा आजार सिलिंडरला ओरखडे पडण्याचा. याचं नाव लोक कमी घेतात, मला मात्र याची भीती जास्त वाटते. ३.४ लिटरच्या जुन्या केमन एसमध्ये हा जास्त दिसतो, २.७मध्ये कमी. सकाळी थंड इंजिन सुरू केल्यावर एका बाजूने टकटक आणि धुराच्या एकाच नळीचं तोंड काळं झालेलं, ही लक्षणं.

आणि आता आनंदाची बातमी. २००९पासून इंजिनच नवीन आलं, त्यात तो मधला शाफ्टच नाही. तेव्हा तुझ्या बजेटात, माझ्या मते, २००९ ते २०१२ची साधी बॉक्सस्टर. २.९ लिटर, २५५ घोडे, सहा गिअर. 'एस'च्या मागे लागू नकोस. एसमध्ये पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं, त्यामुळे व्हॉल्व्हवर काजळी धरते. २.९मध्ये जुन्या पद्धतीने पोर्टमध्येच फवारतात, व्हॉल्व्ह आपोआप धुतले जातात. बाकी ५५ घोडे कमी मिळाले म्हणून हायवे ९वर तुझं काही अडत नाही.

नऊहजारी

म्हणजे एवढे परिच्छेद लिहून निष्कर्ष काय, तर पोर्श घे पण ही नको, ती नको, त्या सालची नको. एस२०००ला एक वाक्य पुरतं: तेल बघत जा.

दहाचा_पाना

तेल बघत जा, कारण पितं. दुसरं वाक्य मी पुरं केलं.

वैदेही_ह्यूस्टन

दोघंही भांडा, तोवर मी यांना खरी गाडी सांगते.

कॉर्व्हेट सी६, २००८ किंवा नंतरची. ६.२ लिटर, ४३० घोडे. माझ्याकडे सहा वर्षं आहे, लाल, आणि हो, मीच चालवते, नवऱ्याची नाही (पेट्रोल पंपावर दर वेळी कुणीतरी विचारतंच). छप्पर हाताने काढून मागे ठेवता येतं. डिकी एवढी मोठी की दोन रात्री काय, मागच्या वर्षी मंडळाच्या गणपतीचं थर्माकोलविरहित मखर मी यातून नेलंय. हायवेला सहाव्या गिअरमध्ये इंजिन झोपलेलं असतं, गॅलनला पंचवीसच्या पुढे मैल मिळतात. पार्ट कोपऱ्यावरच्या दुकानात. मेकॅनिक शोधावा लागत नाही, शेजारचा म्हातारासुद्धा हे इंजिन उघडू शकतो आणि उघडायला उत्सुक असतो.

तोटे पण सांगते. सीटा सोफ्यासारख्या, वळणात आपण एकीकडे आणि सीट दुसरीकडे. आतलं प्लास्टिक स्वस्त. आणि एक गंमत आहे: पहिल्या गिअरमधून हळू निघालात तर दांडी दुसऱ्यात जातच नाही, थेट चौथ्यात ढकलते. पेट्रोल वाचवायला कारखान्याने केलेली सोय. पहिल्या आठवड्यात मी सिग्नलला रडकुंडीला आले होते. वीसेक डॉलरचा एक प्लग लावला की जातं.

आडवंतिडवं

कॉर्व्हेटला खाली पाटे असतात ना हो? आमच्या गावाकडे पाटे टेम्पोला असतात.

वैदेही_ह्यूस्टन

एकच आडवा पाटा पुढे, एक मागे, आणि तो फायबरचा. तुमच्या टेम्पोने लगुना सेकाला किती वेळ लावला ते कळवा, मग बोलू.

चकलीचा_सोऱ्या

इलेक्ट्रिक घ्या की. यातल्या कुठल्याही गाडीला सिग्नलला मागे टाकेल आणि तेल, क्लच, बेअरिंग काही नाही.

कृष्णाकाठ

@चकलीचा_सोऱ्या, ऑफिसच्या गाडीसाठी तुमचं म्हणणं शंभर टक्के मान्य. पण मला सिग्नलला कुणाला मागे टाकायचंच नाहीये. मला तिसऱ्यातून दुसऱ्यात जायचंय.

@वैदेही, मखर वाचून बायको एकदम तुमच्या पक्षात गेलीय. मला एकच धाकधूक. ४३० घोडे म्हणजे दुसऱ्या गिअरमध्येच हायवेची वेगमर्यादा ओलांडते ना? मियाटात मी सगळे गिअर, सगळं इंजिन वापरतो आणि तरी पोलिसांच्या नजरेत येत नाही. तीच तर मजा आहे. उद्या ताकद भरपूर असली आणि दर रविवारी तिला कुलूपच घालून फिरायचं असलं तर काय?

वैदेही_ह्यूस्टन

हं. यावर उत्तर नाही माझ्याकडे. ह्यूस्टनमध्ये वळणच नसतं, त्यामुळे मला हा प्रश्न पडला नव्हता.

पावशेर_घोडे

एलिसवाला बोलतोय. वजन दोन हजार पौंडांच्या आत, टोयोटाचं १.८ लिटर इंजिन, १९० घोडे. यापेक्षा मियाटाच्या जवळची आणि तरी मियाटाच्या दहा घरं पुढची गाडी नाही. पण पुढचं अख्खं तोंड फायबरच्या एकाच तुकड्यात आहे, पार्किंगमध्ये कुणी कोपरा टेकवला तरी हिशोब हजारांत. आणि आत शिरायला आधी बसायचं, मग पाय उचलायचे, मग देवाचं नाव घ्यायचं. बाहेर यायचा क्रम उलटा. तुमच्या आईंना यात बसवू नका. शिवाय ३०,०००मध्ये जी मिळेल ती ठोकलेली असेल.

श्वाबदेशी

श्टुटगार्टहून. इथे आमच्या गल्लीत बॉक्सस्टर म्हणजे निवृत्त शिक्षकांची गाडी. एप्रिल ते ऑक्टोबर अशी हंगामी नंबरप्लेट घेतात, हिवाळाभर गाडी गोधडीत. त्यामुळे रनिंग कमी, गंज नाही.

एक गंमत सांगतो. पोर्श म्हणजे श्टुटगार्ट असं सगळे समजतात, पण ९८७च्या बऱ्याच गाड्या फिनलंडला, ऊसिकाउपुंकी नावाच्या गावात जुळवल्या गेल्या. चासी नंबरातलं अकरावं अक्षर बघ. 'एस' असेल तर इथली, 'यू' असेल तर तिकडची. गुणवत्तेत फरक नाही, पण पार्टीत सांगायला बरं पडतं.

पाना यांनी २.९बद्दल लिहिलंय त्याला +१.

कृष्णाकाठ

अपडेट. दोन रविवारी तीन गाड्या चालवल्या.

जीआर८६: २०२२ची, डीलरकडे. २.४ लिटर, २२८ घोडे, खालून छान ओढते. हुशार गाडी. चूक करायला दिली, सावरून घेतली. मागे दोन सीट आहेत असं कागदोपत्री म्हणतात. तिथे मी आमचा लॅपटॉप ठेवून पाहिला, त्याचेही गुडघे आखडले. खटकलं ते इतकंच की इंजिनाचा आवाज काही अंशी स्पीकरमधून येतो. कळेपर्यंत आवडत होता. कळल्यावर लग्नात सनईची कॅसेट लावल्यासारखं वाटायला लागलं.

३७०झी: इंजिन दांडगं, पण मागे दिसत नाही आणि मियाटावरून उतरलेल्या माणसाला ही कपाट चालवल्यासारखी वाटते. शिवाय क्लचचा हायड्रॉलिक सिलिंडर गिअरबॉक्सच्या पोटात आहे, तो गळला की गिअरबॉक्स खाली घ्यावा लागतो. पुढे.

एस२०००: २००५ची, फ्रीमाँटला एका गृहस्थाकडे. नऊहजारी साहेब, दंडवत. गिअरच्या खटक्याबद्दल तुम्ही कमीच लिहिलंत. पण स्टिअरिंग खाली-वर होत नाही, एका जागी वेल्ड केल्यासारखं. उजवा गुडघा त्याला टेकतो, आणि ब्रेकवरून अ‍ॅक्सिलरेटरवर पाय नेताना दर वेळी नी-कॅपची आठवण होते. दुसरं म्हणजे पाऊण तासात तो दुसरा कॅम मला दोनदाच भेटला. रस्ताच संपत होता. आणि गृहस्थ ३४,००० सांगतायत, एक पैसा कमी नाही. "दुसरा येईल," म्हणाले. येईलच.

नऊहजारी

गुडघ्यावर इलाज नाही, मान्य. आईबापांनी उंच केलं त्याला होंडा काय करणार. सीटचे रूळ बदलून खाली बसवता येते, पण तुम्ही मनाने गेलात असं दिसतंय. जा. रडणार नाही.

कृष्णाकाठ

बॉक्सस्टर सापडली! २००९ची, राखाडी, २.९, सहा गिअर, ५२,००० मैल, २४,००० डॉलर. फोटोत ओरखडा नाही, टायर नवे, आतून शोरूमसारखी. मालक तरुण, बोलायला चांगला. उद्या बयाणा देऊन येऊ का? अजून दोघं बघायला येणार आहेत म्हणतो.

दहाचा_पाना

थांब. 'अजून दोघं' हे जगातल्या प्रत्येक जुन्या गाडीला बघायला येत असतात.

मालकाचा नाही, त्याच्या ओळखीचाही नाही, असा पोर्शचं काम करणारा गॅरेजवाला शोध आणि त्याच्याकडे घेण्याआधीची तपासणी कर. तीन-चारशे डॉलर लागतील. तीन गोष्टी लेखी माग. एक, स्पार्क प्लग काढून कॅमेऱ्याने सिलिंडरच्या भिंती बघायच्या. दोन, रंगाची जाडी प्रत्येक पत्र्यावर. तीन, आणि ही विसरू नकोस, इंजिनाच्या कॉम्प्युटरमधला ओव्हररेव्हचा रिपोर्ट.

हा रिपोर्ट म्हणजे गाडीची डायरी. इंजिन मर्यादेच्या वर किती वेळा गेलं हे सहा पायऱ्यांत नोंदलेलं असतं, आणि शेवटचं कधी गेलं तेही इंजिनाच्या तासांत. पहिल्या-दुसऱ्या पायरीवरच्या नोंदी म्हणजे कुणीतरी पाय दाबून काट्याला लिमिटरवर टेकवलंय, हरकत नाही, गाडी त्यासाठीच आहे. पण पाचवी-सहावी पायरी अ‍ॅक्सिलरेटर दाबून गाठताच येत नाही, लिमिटर आड येतो. तिथे पोचायचा एकच मार्ग: चौथ्यात टाकायचा गिअर चुकून दुसऱ्यात. मग चाकंच इंजिनाला फिरवतात, आणि व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा देवाच्या भरवशावर.

कृष्णाकाठ

तपासणी झाली. ३५० डॉलर. गॅरेजवाल्याने कागद माझ्यापुढे ठेवला आणि काही न बोलता एका ओळीवर बोट ठेवलं.

सिलिंडर स्वच्छ. रंग मूळचा. पाचव्या पायरीवर नोंदी, सहाव्यावरही. इंजिनाचे एकूण तास आणि त्या नोंदीचे तास यांत फरक साधारण तीस. म्हणजे चुकीचा गिअर पडला तो अगदी अलीकडे, आणि गाडी विकायला निघाली ती त्यानंतर. मालकाला विचारलं तर म्हणाला, "असं काही झाल्याचं आठवत नाही." आपल्याला सकाळी काय खाल्लं ते आठवत नाही मान्य, पण हे आठवतं हो. बाराशे किलोच्या वर वजनाची गाडी मागून कुणीतरी ओढल्यासारखी अडखळते आणि इंजिन किंचाळतं. मी मियाटात एकदा केलंय, नऊ वर्षं झाली, अजून तळहाताला घाम येतो.

इंजिन आज नीट चालतंय. पुढेही चालेल कदाचित. पण सोडून आलो. परत येताना साडेतीनशे डॉलर बुडाले म्हणून बायकोला फोन केला, ती म्हणाली, "बुडाले कुठे, वाचले की."

आडवंतिडवं

वहिनींना आयडी काढून द्या, धाग्याची पातळी वाढेल.

ताम्हिणीकर

इकडे ओव्हररेव्हचा रिपोर्ट मागितला तर एजंट म्हणेल, "साहेब, लेडी ड्रिव्हन आहे, डॉक्टरची गाडी आहे." आमच्या सगळ्या जुन्या गाड्या डॉक्टर बायकांच्याच असतात. एवढ्या डॉक्टर पुण्यात प्रॅक्टिस कधी करतात?

कृष्णाकाठ

घेतली.

सहा आठवडे मधे गेले. २०१०ची, गडद निळी, २.९, सहा गिअर, ७१,००० मैल. सॅक्रामेंटोजवळ, एका निवृत्त बाईंकडे, दुसऱ्या मालक. श्वाबदेशींचं भाकीत तंतोतंत खरं, बाई शाळेत भूगोल शिकवायच्या. गाडीच्या आधी त्यांनी फाइल दाखवली. जाड, निळी, वर्षावार. प्रत्येक तेलबदलीची पावती, प्रत्येक टायरची, अगदी रिमोटच्या सेलचीसुद्धा. टपाचं पाणी जायच्या वाटा पानांनी तुंबू नयेत म्हणून दर नोव्हेंबरला साफ केल्याची त्यांच्या हातची नोंद. ती नोंद वाचली तिथेच माझं ठरलं होतं, पण चेहरा कोरा ठेवून तपासणी केली. पहिल्या पायरीवर थोड्या नोंदी, दुसऱ्यावर दोन, वर काही नाही. त्या दोन नोंदींबद्दल विचारलं तर बाई मान वळवून अंगणातल्या लिंबाकडे बघायला लागल्या.

मागच्या बंपरला एके ठिकाणी पुन्हा रंग मारलाय, तो त्यांनी आपणहून सांगितला. डाव्या दाराला सुपरमार्केटच्या ढकलगाडीची ठोकर. २६,५०० सांगत होत्या, २५,३००ला दिली. बजेट तीनशेने फुटलं. पिंक स्लिपवर (गाडीच्या मालकीच्या कागदावर) सही करताना त्यांनी विचारलं, "पावसात चालवणार ना? लोक चालवत नाहीत, मग ती रुसते."

चासी नंबरात अकरावं अक्षर 'यू'. फिनलंडची निघाली.

पहिल्या रविवारी हायवे ९. सुरुवातीची दोन वळणं काहीच वाटलं नाही, उलट मियाटापेक्षा जड. मग एका उजव्या वळणात मधे रस्ता उखडलेला होता. मियाटा अशा जागी एक उडी मारते, मी आधीच हात घट्ट धरले. काहीच झालं नाही. रस्ता उखडलाय हे तळहातांना नीट कळलं, खड्ड्याची कडसुद्धा, पण गाडी जागची हलली नाही. इंजिन पाठीमागे मध्यावर आहे म्हणजे नेमकं काय, हे वाचून मला आजवर कळलं नव्हतं. तिथून स्कायलाइनपर्यंत मी रेडिओ लावायचा विसरलो.

दहाचा_पाना

अभिनंदन! फाइलवाल्या मालकीणबाई मिळाल्या म्हणजे अर्धं काम झालं. त्यांना दिवाळीला चकल्या पाठव.

नऊहजारी

अभिनंदन. फोटो टाका, नाहीतर फाऊल. आणि त्या हिरव्या मियाटाचं काय करताय?

कृष्णाकाठ

फोटो रात्री टाकतो. मियाटाचं सांगतो, तिथेच घोळ झालाय.

आई-बाबा आलेत. आईला बॉक्सस्टरजवळ नेलं. ती एकदा गाडीकडे, एकदा माझ्याकडे बघून म्हणाली, "यात बसायचं की झोपायचं?" तरी बसली. समुद्रापर्यंत टप उघडा ठेवून गेलो, डोक्याला स्कार्फ, एक शब्द बोलली नाही. परतताना म्हणाली, "उद्या परत जाऊ." उतरताना मात्र मी आणि बायको दोघांनी हात दिला.

बाबा एसटीच्या वर्कशॉपमधून मेकॅनिक म्हणून निवृत्त झालेत. त्यांनी आल्या आल्या पुढचं झाकण उघडायला लावलं. आत डिकी. मागचं उघडायला लावलं. आत दुसरी डिकी. ते दोन मिनिटं गप्प. मग, "इंजिन बसवायचं राहिलंय काय रे?" सीटांच्या मागे आहे, वरून दिसत नाही, म्हटल्यावर म्हणाले, "तेल कसं बघायचं?" डिपस्टिकही नाही, स्क्रीनवर दिसतं म्हटलं. तेव्हापासून त्यांनी तिला हात लावलेला नाही.

ते रोज सकाळी चहा पिऊन मियाटाचं बॉनेट उघडून बसतात. तिथे सगळं दिसतं. परवा त्यांनी प्लग साफ केले, काल बॅटरीची टोकं. आज जेवताना विषय काढला की क्लचप्लेट आपण दोघं बसवू, बाहेर कशाला द्यायची, आणि टपाचं कापड मागवलंस का?

तर धाग्याचा विषय थोडा बदलतोय. १९९९च्या मियाटाचा टप घरी कुणी बसवलाय का? किती वेळ लागतो आणि कुठली हत्यारं लागतात?

दहाचा_पाना

मी बसवलाय. दोन माणसं, एक आख्खा शनिवार. कापड आधी उन्हात पसरून ठेव, नाहीतर शेवटची दोन इंच पुरत नाहीत. मागच्या पट्टीच्या नटांना दहाचा पाना लागतो. माझा मागू नकोस, तो हरवलाय.